मासे न मोजता किती धरायचे, हे कसं ठरवतात?

प्रश्न थोडक्यात असा: “मी सोलापुरात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतोय. प्रकल्पासाठी पापलेटच्या वीस वर्षांच्या उत्पादनाचे आकडे आणि नौकांची संख्या घेऊन शेफरचं मॉडेल बसवलं. आर-वर्ग (रेषा आकड्यांना किती जुळते ते सांगणारा ० ते १ मधला आकडा) ०.९ आला, कमाल शाश्वत उत्पादनाचा आकडाही निघाला. आमचे सर म्हणतात, गणित बरोबर आहे पण त्याला अर्थ नाही. का नाही? आणि समुद्र इतका लांब असताना इथं बसून या विषयात खरं काम करता येतं का?”

तुमच्या सरांचं म्हणणं मला पटतं. पण एवढ्यानं तुमचं समाधान होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी पंचवीसेक वर्षं कोकणातल्या बंदरांवर मासे मोजण्यात घालवली आणि आता घरी, म्हणजे सोलापुरात, परत आलोय. तेव्हा प्रश्नाचा दुसरा भागही माझ्या जवळचाच आहे.

आधी एक प्रयोग करा. संगणकाला ८,००० ते १२,००० च्या दरम्यानचे कुठलेही वीस आकडे काढायला सांगा. हे झालं ‘उत्पादन’. शेजारच्या रकान्यात १,००० पासून ३,००० पर्यंत चढत जाणारे वीस आकडे लिहा. ह्या झाल्या ‘नौका’. आता, तुम्ही केलंत तसंच, उत्पादनाला नौकांनी भागा आणि तो भागाकार नौकांच्या संख्येसमोर मांडा. रेषा झकास उतरती येईल आणि आर-वर्ग सहज ०.८ च्या आसपास जाईल. या आकड्यांत एकही मासा नाही. नौकांचा आकडा आलेखाच्या दोन्ही बाजूंना बसलाय, आडव्या अक्षावर उघडपणे आणि उभ्या अक्षावर भागाकारात लपून. मग उतार येणारच. तुम्ही एकटेच फसलात असं नाही, कित्येक जुन्या अहवालांत हाच आलेख मोठ्या तोऱ्यात छापलेला मी पाहिलाय. एक तर मीच काढला होता.

मॉडेलमध्ये खोट नाही, हे आधी सांगून टाकतो. मिल्नर शेफर यांनी ते १९५४ साली मांडलं, आणि त्यामागची कल्पना तर व्हेरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाची, १८३८ ची. साठा, म्हणजे पाण्यातले त्या जातीचे एकूण मासे, अगदी कमी असताना वाढ कमी, कारण विणारे मासे थोडे. साठा भरगच्च असताना वाढ पुन्हा कमी, कारण खाणं आणि जागा अपुरी. मधे कुठेतरी, शेफरच्या हिशोबात बरोबर निम्म्यावर, वाढ सगळ्यात जोरात. ती वाढ तेवढी काढून घ्या, साठा जागच्या जागी राहील. हेच कमाल शाश्वत उत्पादन. कागदावर याच्यात चूक काढायला जागा नाही. अडचण सुरू होते ती तुम्ही या मॉडेलला काय खाऊ घालता तिथून.

तुम्ही खाऊ घातलात ‘नौका’. पण एक नौका म्हणजे काय? तीस वर्षांपूर्वीची नौका खुणा बघून जायची, बर्फ संपायच्या आत परत यायची. आजच्या नौकेवर जीपीएस आहे, मासे दाखवणारं यंत्र आहे, इंजिन कितीतरी मोठं आहे, आणि ती आठ-दहा दिवस बाहेर राहते. नोंदवहीत दोन्ही ‘एक’. त्यामुळे नौकांची संख्या जागेवर दिसत असली तरी मासेमारीचा खरा दाब दरवर्षी गुपचूप वाढत असतो, आणि दर नौकेमागची मासळी टिकून आहे म्हणून आपण निर्धास्त राहतो.

दर नौकेमागची मासळी हा साठ्याचा आरसा नाही, हे समजायला सोलापूरकराला समुद्रावर जायची गरज नाही. आपलं उजनी धरण घ्या. एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृत साठा. एप्रिल-मेमध्ये ‘उजनी मायनसमध्ये गेलं’ अशी बातमी आली की शहरात पाण्याची धास्ती सुरू होते. आणि पाणी असं आटत असतानाच काठावरच्या मच्छीमाराचं जाळं जड लागायला लागतं. मासे वाढले म्हणून का? तेवढेच मासे, खरं तर थोडे कमीच, उरलेल्या पाण्यात कोंडले गेले म्हणून. (माशांच्या दृष्टीनं तो ‘मृत’ साठाच काय तो जिवंत, हा वेगळा विनोद.) तुमच्या मॉडेलला मात्र त्या महिन्यात साठा वाढल्याचं दिसेल.

समुद्र आटत नाही, पण तारली आणि बांगडा थव्यानं राहतात. थवे दहाचे पाच झाले तरी यंत्र असलेली नौका त्या पाचांपर्यंत पोचतेच, आणि प्रत्येक थव्यावर जाळं तितकंच भरतं. शेवटचा थवा संपेपर्यंत ‘दर नौकेमागे’ आकडा छान राहतो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉडचं असंच काहीसं झालं. व्यापारी नौकांच्या पकडीवर जरा जास्तच भरवसा ठेवला गेला, आणि १९९२ साली मासेमारी पूर्ण बंद करायची वेळ आली. ती मंडळी अडाणी नव्हती. जगातले उत्तम गणिती त्यांच्याकडे होते.

तुमच्या आकड्यांत आणखी एक खोच आहे. वीस वर्षांत नौका फक्त वाढत गेल्यात, एकदाही मनापासून कमी झालेल्या नाहीत. नुसत्या उतरत्या वाटेचे आकडे दिले की दोन अगदी वेगळ्या कहाण्या त्यात सारख्याच नेटक्या बसतात: साठा प्रचंड मोठा पण सावकाश वाढणारा, किंवा साठा छोटा पण झपाट्यानं वाढणारा. पहिली खरी असेल तर आपण मोडायला आलोय, दुसरी खरी असेल तर जरा थांबलं की सावरेल. आकडे दोघींपैकी एकीला निवडत नाहीत. संगणक निवडतो, कारण त्याला काहीतरी उत्तर द्यायचंच असतं. तुमचा ०.९ हा त्या निवडीचा आत्मविश्वास आहे, पापलेटचा त्याच्याशी संबंध नाही.

मग करायचं काय? थंड समुद्रातले लोक वय मोजतात. माशाच्या कानात एक इवलासा दगड असतो. हिवाळ्यात वाढ मंदावते, त्याची खूण त्या दगडावर वलयासारखी उमटते, झाडाच्या खोडात उमटते तशी. वलयं मोजा, वय कळलं. वय कळलं की दर वर्षाला किती मेले ते कळलं. आपल्याकडे हिवाळा म्हणजे गोदडीऐवजी चादर घ्यायची, एवढाच. समुद्राचं पाणी वर्षभर कोमट असतं, वर्षावलयं धड उमटत नाहीत, आणि मासा पुष्कळदा दोन-तीन वर्षांच्या वर जगतही नाही. १९७१ साली पानेला या शास्त्रज्ञानं दाखवलं की त्या दगडावर रोजचीही वलयं असतात. पण ती मोजायची तर दगड घासून कागदापेक्षा पातळ करायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तीनशे-चारशे रेघा मोजायच्या. एका माशाला एक सकाळ. दोनशे मासे म्हणजे नोकरीच.

म्हणून उष्ण पाण्यातल्या लोकांनी वयाऐवजी लांबी धरली. दर महिन्याला दोनशे-तीनशे मासे मोजायचे आणि कुठल्या लांबीचे किती, याचा आलेख काढायचा. एकाच सुमाराला जन्मलेल्या पिल्लांचा त्यात एक उंचवटा दिसतो. पुढच्या महिन्यात तो उजवीकडे सरकलेला असतो. तो किती सरकला, तीच वाढ. मनिलामध्ये काम करणाऱ्या डॅनिएल पॉली यांनी ८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे सरकणं संगणकाला शोधता येईल असं बसवलं, आणि पुढची कित्येक वर्षं भारतातल्या प्रत्येक मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्याचा प्रबंध त्यावर उभा राहिला. बरेचसे प्रबंध बटण दाबून झालेत, तो भाग सोडा.

इथून पुढचं आकड्यांत बोलू. समजा एक मासा आहे, बांगड्याच्या जातकुळीतला. तो फार तर ३० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि त्याचा वाढीचा दर (कमाल लांबीकडे तो किती झपाट्यानं जातो, तो आकडा) वर्षाला १ आहे. बर्टालान्फीच्या, म्हणजे वयावरून लांबी काढायच्या, सूत्रानं सहा महिन्यांत तो १२ सेंटिमीटरच्या जवळ येतो, एका वर्षात १९ आणि दोन वर्षांत २६. नैसर्गिक मृत्युदर, म्हणजे मोठ्या माशांनी खाल्ले, रोगानं गेले वगैरे, समजा वर्षाला १.५. तो घातांकी दर आहे, म्हणजे क्षणोक्षणी उरलेल्यांवर लागतो, म्हणून एकाच्या वरही जाऊ शकतो. वर्षाअखेर शंभरातले बावीस उरतात.

आता सहा महिन्यांचे १०० किलो मासे जाळ्यात आले. ते धरायचे की आणखी सहा महिने थांबायचं? थांबलात तर शंभरातले सत्तेचाळीसच उरतील. ऐकायला तोटा वाटतो. पण उरलेला प्रत्येक मासा १२ चा १९ सेंटिमीटर झालेला असेल, आणि वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे जवळपास चौपट. सत्तेचाळीस टक्के गुणिले चार. तुमच्या १०० किलोंचे १८५ किलोंच्या वर झाले. आणखी एक वर्ष थांबलात तर? वजन अडीच पट होईल, पण शंभरातले बावीसच उरलेले. हातात आहे त्याच्या सत्तावन्न टक्के. म्हणजे या माशाची तोडणीची वेळ साधारण एक वर्ष. उशीर झाला तरी नुकसान, फक्त ते आपल्या पोटात न जाता दुसऱ्या माशाच्या पोटात जातं. थंड पाण्यातला कॉड दशकभर वाढवत ठेवता येतो, आपला बांगडा नाही. उष्ण समुद्राचं व्यवस्थापन युरोपची पुस्तकं उघडून करता येत नाही, त्यामागचं एक मोठं कारण हे.

‘तोडणी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. सोलापूर जिल्ह्यात हे कुणालाही समजतं. ऊस पक्व व्हायच्या आधी तोडला तर वजनही कमी आणि उताराही कमी, हे काय शेतकऱ्याला किंवा कारखान्याला ठाऊक नसतं? पण शेजारचा कारखाना पळवून नेईल म्हणून हाही आधीच टोळी पाठवतो. समुद्रातही असंच आहे, फरक इतकाच की तिथं बांधच नाही. तांडेलाला, म्हणजे नौकेच्या कप्तानाला, पक्कं माहीत असतं की हा माल महिन्या-दोन महिन्यांत दुप्पट होईल. तो सोडला तर शेजारची नौका घेणार, हेही पक्कं माहीत असतं. कोवळं तोडणं हा अतिमासेमारीचा एक प्रकार. दुसरा प्रकार याहून वाईट, बेणंच न ठेवणं: विणाऱ्या माद्या इतक्या कमी करायच्या की पुढच्या वर्षी पिल्लंच येत नाहीत. पहिल्यात तोटा होतो, दुसऱ्यात मोडतं. मॉडेलमध्येही दोघांची गणितं वेगळी असतात, आणि वर्तमानपत्रात ती नेहमी एकत्र कालवलेली असतात.

दाब किती आहे हे मात्र अजून सांगितलं नाही. बेव्हर्टन आणि होल्ट या ब्रिटिश जोडीनं ५० च्या दशकात एक सूत्र दिलं, ते मला आजही या शास्त्रातलं सगळ्यात देखणं वाटतं. मासा जास्तीत जास्त किती लांब होतो, त्यातून पकडीतली सरासरी लांबी वजा करा. मग सरासरी लांबीतून, ज्या लांबीपासून मासा जाळ्यात पूर्णपणे सापडायला लागतो ती लांबी वजा करा. पहिल्याला दुसऱ्यानं भागा, वाढीच्या दरानं गुणा. एकूण मृत्युदर हातात.

आपल्या माशासाठी समजा जाळ्यात १५ सेंटिमीटरपासून सापडतोय आणि त्यापुढच्यांची सरासरी १९. तीसमधून एकोणीस गेले अकरा, एकोणीसमधून पंधरा गेले चार. अकरा भागिले चार, २.७५. त्यातून नैसर्गिक १.५ काढले की मासेमारीचा दर उरतो १.२५. आता पुढच्या हंगामात सरासरी फक्त एक सेंटिमीटरनं घसरून १८ झाली. बारा भागिले तीन, बरोबर ४. त्यातून दीड गेले, मासेमारी २.५. दुप्पट! बाजारात एक सेंटिमीटर कुणाच्या लक्षातही येत नाही. टोपलीत बघून तर मलाही सांगता येणार नाही. म्हणून पट्टी लागते.

आणि म्हणूनच पट्टी चुकीच्या टोपलीला लावली तर काय होतं ते माझ्याकडून ऐका. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सकाळी आठला बंदरावर पोचायचो, लिलावाच्या जागेवर मांडलेल्या टोपल्यांतले मासे मोजायचो आणि नीट टिपायचो. चार महिन्यांनी हिशोब केला तर मासेमारीचा दर भयानक आला, साठा संपतच आलाय असा. मोठ्या उत्साहानं अहवाल लिहायला घेतला. एका म्हाताऱ्या तांडेलानं वही बघितली आणि म्हणाला, “साहेब, मोठा माल तर पहाटेच गाडीत चढतो. तुम्ही उरलेला मोजताय.” निर्यातीचा माल वेगळा काढून पाचच्या आत रवाना व्हायचा. माझी सरासरी माशांची नव्हती, व्यापाऱ्यानं नाकारलेल्या माशांची होती. चार महिन्यांच्या वह्या बाद. त्यानंतर मी पहाटे तीनला जायला लागलो आणि निवड होण्याआधी, नौकेवरच, मोजायला लागलो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे लोक कुठलं बंदर, कुठला दिवस, कुठली नौका हे यादृच्छिक पद्धतीनं ठरवून नमुने घेतात, त्यामागे हाच शहाणपणा आहे. नमुना कसा घ्यायचा यावर तुमच्या अभ्यासक्रमात एक अख्खा पेपर असेल आणि तो कंटाळवाणा वाटत असेल. मासळीच्या मॉडेलमध्ये जीव त्याच पेपरात आहे.

आता दीडवर या. नैसर्गिक मृत्युदर १.५ हा आकडा मी आणला कुठून? वाढीच्या दराच्या दीडपट, हा एक ढोबळ नियम आहे. पॉलींनी १९८० मध्ये १७५ साठ्यांची माहिती घेऊन एक सूत्र बसवलं, त्यात पाण्याचं तापमानही येतं. ते आपल्या माशाला २८ अंशांवर लावलं तर १.८ येतं. कुठला खरा? पाण्याखाली नैसर्गिक मरण कुणी मोजत बसत नाही. दीड धरलं तर सरासरी १९ असताना एकूण मरणातला मासेमारीचा वाटा पंचेचाळीस टक्के, १.८ धरलं तर पस्तीस. जुना ठोकताळा असा की हा वाटा निम्म्याच्या आत ठेवावा, आणि पुढच्या अभ्यासांनी छोट्या, थव्यानं राहणाऱ्या माशांसाठी तो चाळीस टक्क्यांवर आणला. म्हणजे एका आकड्यानं तुम्ही ‘जरा जास्त’ म्हणाल, दुसऱ्यानं ‘ठीक आहे’. यावर परिषदांत तासन्‌तास भांडणं होतात.

पण सरासरी १८ झाल्यावर बघा. दीड धरा, वाटा बासष्ट टक्के. १.८ धरा, पंचावन्न टक्के. दोन्ही हिशोबांनी मर्यादेच्या पलीकडे, आणि दोन्ही हिशोबांनी गेल्या वर्षीपेक्षा वर. पातळीवर वाद आहे, दिशेवर नाही. मला या सगळ्या कामातून जर काही कळलं असेल तर ते हेच. मॉडेलला ‘समुद्रात किती आहेत’ आणि ‘किती टन धरू’ विचारलंत तर ते खोटं बोलतं, कारण त्या प्रश्नाला लागणारी माहिती त्याला कुणी दिलेलीच नसते. ‘गेल्या पाच वर्षांत दाब वाढतोय की उतरतोय’ विचारलंत तर बहुतेक वेळा खरं सांगतं. अट एकच, पाचही वर्षं मोजायची पद्धत तीच हवी.

लगेच तुम्ही विचाराल, मग सरकारी अहवालांत साठे चांगले आहेत असं का येतं? २०२२ च्या मूल्यमापनात १३५ साठे तपासले आणि त्यातले ९१.१ टक्के शाश्वत अवस्थेत निघाले. इकडे बंदरावर प्रत्येक जण म्हणतो, मासळी संपली. दोघांनाही खोटं ठरवायची घाई करू नका. एकूण मासळी तेवढीच राहिली आणि नौका दुप्पट झाल्या तर साठा टिकून आहे हे खरं, आणि माझ्या वाट्याला निम्मं येतं हेही खरं. शास्त्रज्ञ समुद्राकडे बघतो, नाखवा, म्हणजे नौकेचा मालक, डिझेलच्या बिलाकडे. शिवाय समुद्रातल्या सगळ्याच जाती काही त्या १३५ मध्ये नसतात, आणि नाखव्याची जात नेमकी त्या उरलेल्या नऊ टक्क्यांत असू शकते.

तारलीनं आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. केरळात २०१२ साली ती जवळजवळ चार लाख टन मिळाली. २०२१ साली ३,२९७ टन. लाख नव्हे, तीन हजार. त्यानंतर पुन्हा वर आली. यात मासेमारीचा हात होताच, कोवळी तारली बेसुमार धरली गेली. पण २०१५ चा एल निनो, पाण्याचं तापमान, तिच्या खाण्यातले सूक्ष्म जीव, पावसाळ्यात खालून वर येणारं थंड पाणी, यांचाही मोठा वाटा. शेफरच्या मॉडेलमध्ये समुद्राची धारणक्षमता हा एकच, न बदलणारा आकडा असतो. तारलीसाठी तो दर दोन-चार वर्षांनी बदलतो. अशा माशाचं ‘कमाल शाश्वत उत्पादन’ काढणं म्हणजे सोलापूरच्या पावसाची सरासरी काढून त्यावर पेरणी करणं.

व्यवस्थापनाबद्दल थोडक्यात. जातवार कोटा हा थंड देशांचा उपाय आहे, तिथं एका जाळ्यात मुख्यतः एक-दोन जाती येतात. आपल्या ट्रॉलच्या, म्हणजे नौकेमागं ओढत न्यायच्या जाळ्याच्या, एका ओढीत डझनावारी जाती येतात, बोंबलाच्या डोल जाळ्यात जवळ्याबरोबर इतर माशांची पिल्लं येतात. पापलेटचा कोटा संपला म्हणून पापलेट जाळ्याबाहेर थांबत नाही. त्यामुळे आपल्या हातात उरतात त्या बाबी ठोकळ आहेत: किती नौका, किती दिवस, केवढं इंजिन, केवढा आस, म्हणजे जाळ्याचं भोक. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारीबंदी त्यातली सगळ्यात नीट पाळली जाणारी. पण १ ऑगस्टला सगळे एकदम तुटून पडले तर वर्षाचा एकूण दाब तेवढाच राहतो, हे मॉडेल स्पष्ट दाखवतं. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. पापलेटला त्याच वर्षी राज्य मासा केलं. चांगलं झालं. तरी माझं मत विचाराल तर मी आकारापेक्षा आसाच्या बाजूनं आहे. ट्रॉलमधून वर आलेलं १२ सेंटिमीटरचं पापलेट नियमाप्रमाणे परत टाकलं तरी बहुधा मेलेलंच असतं. त्यापेक्षा जाळ्याच्या खोलाला, म्हणजे मासे साठतात त्या शेवटच्या पिशवीला, ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लावा. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढताना ताणला जाऊन मिटतो. चौकोनी उघडा राहतो आणि पिल्लू पाण्यातच निसटतं. नियम पुस्तकात आहे. खोला बदलल्यावर पहिल्या महिन्यात जो तोटा होतो तो कुणी सोसायचा, यावर घोडं अडतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सोलापुरात बसून समुद्री पापलेटचं काम करू नका. बाजारात येणारा समुद्राचा माल रत्नागिरीकडून किंवा मुंबईकडून बर्फाच्या पेटीत, निवडून, प्रतवारी होऊन येतो. त्याला पट्टी लावाल तर माझ्या त्या चार महिन्यांसारखंच होईल. पण उजनी तुमच्या दारात आहे, आणि पद्धत तीच आहे.

चिलापी घ्या. बारमाही मिळते, स्वस्त आहे आणि मोजायला सोपी आहे. रोहू-कटला नको, कारण त्यांचं बीज बाहेरून आणून सोडतात, विणणं आणि पुढची पिढी यांचा संबंधच तुटलेला असतो. (किती बोटुकली कधी सोडली याची खात्रीची नोंद मिळाली तर मात्र तोच सोन्यासारखा प्रकल्प आहे, समुद्रात असं भाग्य कुणाला लाभत नाही.) करमाळ्याकडच्या काठावर एखाद्या मच्छीमाराशी ओळख करून घ्या, जाळं पाण्याबाहेर आल्याबरोबर तिथंच मोजा, भिगवणच्या लिलावात नको. महिन्याला दोनशे मासे, बारा महिने. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा हे काम जास्त थकवतं, विशेषतः मे महिन्यात.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. चिलापी दाटीत खुजी राहते आणि लहानपणीच विते. नर-मादीपैकी एक जण, बहुधा मादी, अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लंही भरपूर जगतात. म्हणजे उजनीत सरासरी लांबी घसरली तर त्याची दोन अगदी उलट कारणं असू शकतात: फार धरली म्हणून, किंवा फार कमी धरली आणि दाटी झाली म्हणून. बेव्हर्टन-होल्टचं सूत्र पहिलंच कारण गृहीत धरतं. दोहोंतलं कुठलं ते ओळखायचं तर लांबीबरोबर वजनही घ्या. दाटीतला मासा त्याच लांबीला हडकुळा असतो. पोट फाडून माद्या कुठल्या लांबीला तयार होतात तेही बघा. तिसरं कारणही असू शकतं, आणि ते सगळ्यात साधं: त्या महिन्यात मच्छीमारानं जाळंच बदललं. वडापसारख्या बारीक आसाच्या जाळ्यांवरून तिथं सतत तक्रारी चालू असतात, तेव्हा जाळ्याबद्दल विचारताना जपून, पहिल्याच भेटीत नको.

वहीत पाच रकाने करा: तारीख, धरणाची पातळी, जाळ्याचा आस, लांबी, वजन. पातळी रोज वर्तमानपत्रात येते. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत घ्या आणि बारा महिने तशीच घ्या. मधेच शेपटीच्या बुडापर्यंत मोजायला लागलात तर ती घसरण तुम्हीच तयार कराल. आस स्वतःच्या पट्टीनं, ओल्या जाळ्यावर मोजा. दुकानदारानं सांगितलेला आकडा लिहू नका. मार्चपर्यंतचे आकडे जमले की पाठवा, मग वाढीचा दर काढायला बसू.